जुनी वाद्यं ऑनलाइन घेताय? आधी जाहिरात वाचायला शिका



मागचा व्हिडिओ जुन्या वस्तू घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यावर होता. फर्निचर, मिक्सर, शिलाई मशीन सगळ्यावर बोलले आणि वाद्यांचा विषय दोन मिनिटांत गुंडाळला. माझंच दुकान वाद्यांचं, म्हणून वाटलं की जाहिरात नको व्हायला. चूक झाली. कारण व्हिडिओ बघून चार दिवसांनी बदलापूरचा एक मुलगा, आपल्या मागच्या बॅचचाच, दुकानात आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, हे बघा. सागवानी पेटी, साडेतीन सप्तक, जर्मन सूर, फक्त नऊ हजार. अशा पाच आहेत त्याच्याकडे. आषाढीच्या आधी भजनी मंडळांना पंधरा-पंधराला देतो."

हिशेब त्याचा तोंडपाठ होता. एका पेटीमागे सहा, पाचांचे तीस हजार. मी विचारलं, पेटी आहे कुठे? नाशिकला. वाजवून कोणी बघितली? "फोटो आहेत ना, अकरा फोटो पाठवलेत." पैसे कधी द्यायचेत? "आज पंधरा हजार ॲडव्हान्स, बाकी माल आल्यावर. टोकन म्हणून दोन हजार कालच टाकले."

ते पंधरा हजार त्याच्या आईने बचत गटातून काढून दिले होते.

मी ते अकरा फोटो मोठे करून बघितले. पहिल्या फोटोत पेटीला पुढून सात खुंट्या, म्हणजे स्टॉपर. चौथ्या फोटोत नऊ. सहाव्या फोटोत मागे भिंतीवर विजेचा बोर्ड दिसत होता, आणि त्यावरचं सॉकेट आपल्याकडचं गोल भोकांचं नव्हतं, दोन उभ्या चपट्या फटींचं होतं. अमेरिकेत असतं तसं. नाशिकमध्ये कोणाच्या हॉलमध्ये असं सॉकेट असेल सांगा? तो फोटो परदेशातल्या कुठल्या तरी भजनवाल्या कुटुंबाच्या घरातून उचललेला होता. एकाच पेटीचे म्हणून पाठवलेले फोटो निदान तीन वेगळ्या पेट्यांचे होते.

म्हणून आजचा धडा फक्त वाद्यांच्या जाहिरातींवर. सावकाश वाचा.

आधी माझी स्वतःची चूक

हे सगळं मी शहाणपणाने शिकले असं समजू नका. बीबीए केलं तेव्हा मार्केटिंगच्या पेपरला ब्रँड, पोझिशनिंग सगळं पाठ होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी, ऑनलाइन जुनी पेटी घेऊन विकायला नुकती सुरुवात केली होती. एका माणसाकडून एक पेटी घेतली. त्याने जाहिरातीत लिहिलं होतं "ओरिजिनल जर्मन रीड". पेटी प्रत्यक्ष बघितली, वाजवली, आवाज गोड होता. वरचं झाकण काढलं तर सुरांच्या पट्ट्यांवर बारीक शिक्का होता, जर्मन नावाचा. मी खूश. बारा हजारांना घेतली आणि माझ्या जाहिरातीत तेच शब्द उतरवून अंबरनाथच्या एका भजनी मंडळाला एकोणीस हजारांना विकली.

सहा महिन्यांनी मंडळाने ती ट्यूनिंगला एका जुन्या कारागिरांकडे दिली. त्यांनी सूर बाहेर काढले आणि मंडळाच्या बुवांना सांगितलं की हे सूर जर्मन नाहीत. बुवा माझ्याकडे आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, वर्गणीचे पैसे होते."

मी त्या कारागीर काकांकडे गेले. म्हटलं, काका, शिक्का तर आहे. ते हसले आणि म्हणाले, "पितळेवर शिक्का मारायला किती वेळ लागतो बेटा?"

पूर्वी पेटीचे सूर जर्मनी आणि फ्रान्सहून यायचे, हे खरं. जाणकार लोक आजही जुन्या जर्मन आणि पॅरिस सुरांना मान देतात. पण नंतर सूर आपल्याकडेच बनायला लागले. गुजरातमधलं पालिताणा त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले चांगले सूर खरोखर चांगले असतात. आज बाजारात फिरणाऱ्या पेट्यांमध्ये अस्सल जुने जर्मन सूर असलेली पेटी क्वचित दिसते, आणि जी असते ती मालक नऊ हजारांना ऑनलाइन टाकत नाही. कोणाकडे जायचं, काय मागायचं, हे त्याला माहीत असतं.

मी मंडळाला सात हजार परत केले. म्हणजे त्या पेटीवर माझी कमाई शून्य, वर ट्यूनिंगचा खर्च. पण मला खटकलं ते वेगळंच. मला ज्याने विकली त्याने कदाचित जाणूनबुजून फसवलं असेल. मी मंडळाला जाणूनबुजून नाही फसवलं. तरी मंडळाच्या दृष्टीने दोघांत फरक काय? खोटी जाहिरात अशीच पुढे सरकते. पहिला माणूस खोटं बोलतो, पुढचे सगळे ते न तपासता उतरवून काढतात. आपण विकणारे झालो की त्या साखळीतली एक कडी आपणही असतो.

आणि आपण राहतो कुठे? उल्हासनगरच्या "मेड इन यूएसए"ची गंमत तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन शून्यातून कारखाने उभे करणाऱ्या लोकांवर हा विनोद थोडा अन्यायच करतो. पण बाहेरचा ग्राहक पिनकोड बघून दोन प्रश्न जास्त विचारतो, हे मी रोज अनुभवते. आपल्याला ते दोन प्रश्न आधीच सोडवून ठेवावे लागतात.

लिलाव आता दिसत नाही, पण आहे

थोडा इतिहास, कारण नवीन मुलांना माहीत नसतो. भारतात ऑनलाइन बोली लावून वस्तू घेण्याची सवय बाझी डॉट कॉमने लावली. २००४ मध्ये ती कंपनी ईबेने घेतली, २०१७ मध्ये ईबेचा इथला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इन बंद झालं. त्यानंतर जुन्या वस्तूंचा बाजार ठरलेल्या किमतीच्या जाहिरातींवर आला: ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस वगैरे. पण लिलाव संपला नाही. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि लाइव्ह व्हिडिओत गेला. "रात्री नऊ वाजता बोली, जुनी वाद्यं, सुरुवात एक हजारपासून."

अशा ग्रुपमध्ये फसवणूक कशी होते? वस्तू बहुतेक वेळा खरीच असते, बोली खोटी असते. विकणाऱ्याचेच दोन-तीन नंबर ग्रुपमध्ये असतात आणि ते किंमत चढवत नेतात. तुम्ही थांबलात तर दुसऱ्या दिवशी पर्सनल मेसेज येतो: "ज्यांनी घेतली होती ते मागे हटले, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो." हा मेसेज आला की समजायचं, तुमच्यासमोर बोली लावणारा माणूस बहुतेक नव्हताच. अशा वेळी मी शेवटची नाही, माझी पहिली बोली सांगते. निम्म्या वेळा वस्तू मिळते, यावरूनच काय ते समजा.

त्यामुळे बोली लावण्याआधी कागदावर आकडा लिहायचा. तो आकडा उलट्या बाजूने काढायचा: मंडळ किती देईल, त्यातून दुरुस्ती वजा, आणणं-नेणं वजा, माझी कमाई वजा. जे उरेल ते कमाल. रात्री नऊ वाजता डोक्यात जोश असतो, कागदात नसतो.

जाहिरातीतले शब्द

फोटो सगळे बघतात, शब्द कोणी वाचत नाही. वाद्यांच्या जाहिरातीत काही शब्द आले की मी लगेच सावध होते.

"मिरज". सतार आणि तानपुऱ्यासाठी हे सगळ्यात मोठं नाव, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चोरलं जाणारं. मिरजेला हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी वाद्यांकडे वळली, फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. तिथे आजही सतारमेकर गल्ली आहे. भोपळे मंगळवेढा भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. आपल्या लोकांना हे पटकन कळावं म्हणून सांगते: बदलापूरच्या जांभळालाही जीआय आहे. उद्या कोणी भलतीकडचं जांभूळ "बदलापूर" म्हणून विकलं तर तुम्हाला राग येईल ना? तसंच ते. आणि हा फक्त रागाचा विषय नाही. १९९९ च्या जीआय कायद्यात खोटं नाव लावून विकण्याला किमान सहा महिने कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड लिहिलेला आहे. म्हणजे तुम्ही कुठूनतरी आलेली शोभेची सतार घेऊन, मागच्या जाहिरातीतला "मिरज" शब्द तसाच ठेवून विकली, तर प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

मग ओळखायचं कसं? विकणाऱ्याला विचारा, कोणी बनवली, कधी घेतली, बिल आहे का. मिरजेच्या कारागिराकडून घेतलेल्या माणसाला कारागिराचं नाव आठवतंच, कारण ऑर्डर देऊन वाट बघितलेली असते. वाद्यावर नाव असेल तर त्या दुकानाला फोन करा. मी करते. तिकडची मंडळी आपलं वाद्य फोटोवरूनही ओळखतात, आणि नसेल तर स्पष्ट सांगतात. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या सतारी वेगळ्या दिसतात: नक्षी खूप, चकाकी खूप, पण खालच्या तरफेच्या तारांच्या खुंट्या मोजल्या तर कमी किंवा नुसत्या चिकटवलेल्या. वाजवायच्या सतारीला या तरफा अकरा ते तेरा असतात. फोटोत मोजा. भोपळ्याच्या जागी फायबर असेल तर तेही वाईट नाही, प्रवासाला लोक मुद्दाम घेतात. पण भोपळा सांगून फायबर दिलं तर ती फसवणूक.

"हस्तिदंती काम", "सांबरशिंगाची घोडी". इथे मी जाहिरात बंद करते आणि पुढे बघतही नाही. एक तर ते प्लास्टिक किंवा हाड असतं, म्हणजे तुम्ही फसलात. नाहीतर ते खरं असतं, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुम्ही अडकलात. दोन्ही बाजूंनी तोटा. घोरपडीच्या कातड्याचंही तेच. गोव्यात घुमटाला पूर्वी ते कातडं लावत, आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. तरी "ओरिजिनल स्किन" लिहिणारे महाभाग दिसतात.

"स्ट्रॅडिव्हेरियस, १७२१, आजोबांचं." दर दोन महिन्यांनी मला कोणीतरी हा फोटो पाठवतं. व्हायोलिनच्या पोटात, फ आकाराच्या भोकातून दिसणारी जुनी चिठ्ठी, लॅटिन अक्षरं. मंडळी, अँटोनियो स्ट्रॅडिव्हेरी हा इटलीतल्या क्रेमोना गावचा कारागीर, १७३७ मध्ये वारला. त्याची जगात साधारण साडेसहाशे वाद्यं उरली आहेत आणि कोणतं कुठे आहे याच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जर्मनी, बोहेमिया, फ्रान्समधल्या कारखान्यांनी त्याच्या पद्धतीची लाखो स्वस्त व्हायोलिन केली आणि आत तशीच चिठ्ठी चिकटवली. तेव्हा ती फसवणूक नव्हती, नमुना कोणाचा एवढंच सांगायची रीत होती. त्याच चिठ्ठीवर खाली "मेड इन जर्मनी" असेल तर तर विषयच संपला, कारण असा देशाचा शिक्का मारायची पद्धत अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर रूढ झाली. आजोबांचं व्हायोलिन चांगलं असू शकतं, विकूही शकता. पण वर्ष १७२१ लिहून नका विकू.

"गिब्सन" गिटार पंधरा हजारांत. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोलकात्याची गिवसन नावाची स्वतंत्र कंपनी आहे, तिचे गिटार स्वस्त असतात, शिकणाऱ्यांकडे भरपूर असतात, आणि ती काही लपवत नाही. लबाडी करतो तो जाहिरात लिहिणारा, जो व च्या जागी ब लिहितो. गिटारच्या डोक्यावरचं नाव फोटोत नीट वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे अमेरिकन गिब्सनची नक्कल. खऱ्या गिब्सनच्या डोक्यावर, तारांच्या खुंट्यांच्या मध्ये, घंटेच्या आकाराची छोटी झाकणी असते आणि तिला दोन स्क्रू असतात. नकलेवर बहुतेक वेळा तीन असतात. एवढ्यावर अस्सल ठरत नाही, पण नक्कल मात्र पटकन सापडते.

आणि "अर्जंट, बदली झालीय". खरंच बदली झालेला माणूस घासाघीस करतो, चिडतो, "येऊन घेऊन जा" म्हणतो. खोटा माणूस फार गोड बोलतो आणि येऊ देत नाही.

फोटो मागायचे, पण आपल्या सांगण्याप्रमाणे

त्याने पाठवलेले फोटो तुम्हाला काही सिद्ध करून देत नाहीत. तुम्ही सांगितलेला फोटो देतो. मी विकणाऱ्याला सांगते: एका कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहा, तो कागद पेटीच्या पट्ट्यांवर ठेवा, फोटो काढा. नंतर झाकण उघडून आतल्या सुरांचा एक. मग व्हिडिओ कॉल, त्यात डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी एकेक दाबून दाखवायची. खऱ्या माणसाला हे पाच मिनिटांचं काम आहे. खोटा माणूस सांगतो की पेटी गोडाऊनला आहे, भाऊ बाहेर गेलाय, नेटवर्क नाही.

त्याआधी घरबसल्या एक काम: त्याचे फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने, दोन वर्षांपूर्वी दिसला तर पुढचे सगळे कष्ट वाचतात. मग त्याच माणसाच्या इतर जाहिराती बघा. एकाच प्रोफाइलवर पेटी, कॅनन कॅमेरा, रॉयल एनफिल्ड आणि पर्शियन मांजर असेल तर... असो.

आणि फोटोची पार्श्वभूमी. वाद्य सगळे बघतात, भिंत कोणी बघत नाही. सॉकेट, खिडकीचे गज, कॅलेंडर, फरशी, दाराबाहेरच्या चपला. अकरा फोटोंत फरशी तीन प्रकारची असेल तर घरं तीन आहेत.

प्रत्यक्ष गेल्यावर

लोकलने जाता येईल त्याच अंतरात घ्या, निदान पहिली दहा वाद्यं. कर्जत-खोपोलीपासून ठाण्यापर्यंत इतकी घरं आहेत जिथे मुलांनी शिकणं सोडलेल्या पेट्या आणि तबले माळ्यावर पडलेत. नाशिकला जायची गरजच काय?

पेटी बघताना आधी वाजवू नका. भाता भरा, एकही पट्टी न दाबता सोडा, आणि तो किती वेळ टिकतो बघा. भसकन बसला तर हवा गळतेय. एखादा सूर आपोआप गुणगुणत असेल तर पट्टीखालचं कातडं किंवा स्प्रिंग गेलीय. मग प्रत्येक पट्टी, काळ्यासकट, हळू आणि जोरात. कपलर लावून परत एकदा. स्केल चेंजर असेल तर सगळ्या घरांत सरकवून बघा, फक्त विकणाऱ्याने लावून ठेवलेल्या घरात नाही. झाकण काढल्यावर सुरांचा रंग बघा: सगळे सारखे जुने आहेत की मध्येच दोन-चार चकचकीत? चकचकीत म्हणजे बदललेले. त्यात गैर काही नाही, पण "एकदम ओरिजिनल" हे वाक्य तिथेच खोटं ठरलं, आणि किंमत कमी करायला तुम्हाला जागा मिळाली. ट्यूनर ॲप फोनमध्ये असतंच, सूर किती उतरलेत ते दोन मिनिटांत कळतं.

डग्ग्याला चुंबक लावा. दहा रुपयांचा फ्रिजवरचा चुंबक पर्समध्ये ठेवा. पितळ आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. पण नाही चिकटला म्हणून लगेच नाचू नका, ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. म्हणून उचलून बघा, हाताला वजन कळतं. तांब्याच्या डग्ग्याशेजारी ॲल्युमिनियमचा डग्गा खेळण्यासारखा वाटतो. तबल्याच्या खोडाला तडा असेल तर तो बहुतेक वाद्यांच्या, म्हणजे त्या कातडी पट्ट्यांच्या, किंवा गठ्ठ्यांच्या मागे लपलेला असतो. पुडी बदलता येते, खोड नाही.

पखवाज, ढोलकी, टाळ यांत मोठी फसवणूक मी फारशी बघितली नाही. त्यात नावाला किंमत कमी, हाताला जास्त.

पैसे कधी आणि कसे

वस्तू हातात, मग पैसे. टोकनही नाही. "दुसरा गिऱ्हाईक उभा आहे" म्हणाला तर द्या त्याला शुभेच्छा.

विकताना फसवणूक वेगळी असते आणि नवीन मुलं जास्त तिथेच अडकतात. तुम्ही गिटार टाकलं, पाच मिनिटांत फोन येतो, घासाघीस नाही, समोरचा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग क्यूआर कोड येतो: "स्कॅन करा, पैसे जमा होतील." मंडळी, पैसे यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. दुसरा प्रकार: "चुकून आठऐवजी अठरा हजार पाठवले, दहा परत करा", सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज. मेसेज बघू नका, बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला. घरच्यांना नंतर सांगा, रडा नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत कळवलं तर ते मधेच थांबवता येतात, म्हणून मिनिटं महत्त्वाची. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येतं.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. बऱ्याच जणांना वाटतं, फसलो तर ग्राहक मंचात जाऊ. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाची व्याख्या वाचा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस त्यात बसत नाही. घरी वाजवायला पेटी घेतली तर तुम्ही ग्राहक. नफ्यासाठी पाच पेट्या घेतल्या तर नाही. मग उरते फसवणुकीची पोलीस तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, किंवा दिवाणी दावा. नऊ हजारांच्या पेटीसाठी दिवाणी दावा कोण लढणार? म्हणजे आपल्याला जी काळजी घ्यायची ती पैसे देण्याआधीच.

त्याच संहितेत कलम ३१७ आहे, चोरीचा माल घेण्याबद्दल. शाळेतून, मंदिरातून, मंडळाच्या खोलीतून वाद्यं चोरीला जातात. खूपच स्वस्त मिळालेल्या पेटीच्या आत किंवा तळाला खोडलेलं नाव दिसलं तर विचारा. मी प्रत्येक खरेदीला साधा कागद करते: विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, वाद्याचं वर्णन, रक्कम, सही. जो सही करायला तयार नाही त्याची पेटी घेत नाही. एकदा एक फार सुंदर तानपुरा यामुळे सोडला. अजून आठवतो.

त्या मुलाचं काय झालं

दुकानातूनच १९३० ला फोन लावला. दोन हजार अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. नाशिकच्या नंबरने त्याला ब्लॉक केलं आणि तीच जाहिरात दुसऱ्या नावाने, या वेळी कोल्हापूरच्या पत्त्यावर, परत आली. आम्ही ती रिपोर्ट केली. अजून कुठे दिसेलच.

पंधरा हजार आईला परत दिले त्याने. मग आठ दिवसांनी तिच्याकडूनच आठ हजार घेतले, आणि बदलापूर पूर्वेला एका निवृत्त शिक्षकांच्या घरून साडेसात हजारांना एक पेटी आणली. शिक्षकांनी स्वतः वाजवून दाखवली. भाता गळत होता, एक सूर गेलेला. दुरुस्तीला अठराशे लागले. अंबरनाथच्या एका महिला भजनी मंडळाने ती साडेअकराला घेतली. म्हणजे सुटले बावीसशे. पहिल्या हिशेबातले तीस हजार कुठे आणि हे कुठे, असं तो स्वतःच म्हणाला.

त्याची जाहिरात मी खाली देते. त्याने लिहिली, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. तुमची पहिली जाहिरात लिहिताना समोर ठेवा:

"जुनी पेटी, साडेतीन सप्तक, सात स्टॉपर. सूर देशी आहेत, जर्मन नाहीत. भात्याचं कापड नवीन. पांढरी पाचचा एक सूर बदललेला आहे. डाव्या बाजूला पॉलिश उडालेलं आहे, फोटो चार बघा. बदलापूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. येऊन वाजवून बघा, मग बोलू. ॲडव्हान्स नको."